बारवेची चौथी बाजू

भिंत पोकळ आहे हे मला आधी कानानं कळलं. हातोडीच्या दांड्यानं ठोकत ठोकत मी बारवेच्या कडेनं चालले होते. भरीव आवाज येत होता आणि एका जागी तो एकदम रिकाम्या डब्यासारखा झाला. मी तिथूनच ओरडले, "मिस्त्री, इकडं या, हिच्यामागं पायऱ्या आहेत." मिस्त्री वर गाळाच्या ढिगाजवळ उभे होते. त्यांनी नुसती मान डोलावली, खाली आले नाहीत. मला राग आला. मला राग फार लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात त्या रागाचा वाटा मोठा आहे.

जुन्या इमारती दुरुस्त करणं हा माझा धंदा. हैदराबादेत काही वर्षं तेच केलं, मग नवऱ्याच्या नोकरीपायी परभणीला आले. परभणीत जुनं पाडणारे पुष्कळ, राखणारा एक नाही. घरात बसून मी नवऱ्यावर भांडी आपटायला लागले तेव्हा त्यानंच सुचवलं, की गावोगावचे पाण्याचे आराखडे करायचं काम चाललंय, त्यांना नकाशा काढून देणारं माणूस पाहिजे, फुकटात जा. मी गेले. दर गुरुवारी सेलूकडची एसटी धरायची आणि वालूरच्या अलीकडं एका गावात उतरायचं. त्या गावाचं नाव घेत नाही.

त्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ दाखवला होता. टँकर एक दिवसाआड यायचा आणि रांगेत डोकी फुटायची. म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरोखर फुटायची. एकीनं दुसरीला भरल्या घागरीनं मारलं आणि सात टाके पडले, ते मी स्वतः बघितलं. गावात एक जुनी दगडी बारव होती, गाळानं आणि कचऱ्यानं अर्धी भरलेली. तीन बाजूंनी पायऱ्या उतरत होत्या, चौथ्या बाजूला विटांची सरळ उभी भिंत. गाळ काढला तर निम्म्या गावाचं पाणी भागेल, असं मी पंचायतीत ठासून सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं. लोक कामाला लागले. सरपंच, साठीचे, अदबीनं बोलणारे गृहस्थ, मला ताई म्हणायचे. पंचायतीचा एक सदस्य होता, चाळिशीचा, हसरा. दोन महिने माझ्या टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं. "ताईसाहेब, तुमी बारव मोजायलाव का आमाला?" असं म्हणून तो चिडवायचा. मला तो फार आवडायचा.

मिस्त्री बौद्ध वस्तीतले, पन्नाशीचे. आसपासच्या गावांत चुन्याचं काम येणारा तेवढा एकच माणूस उरला होता. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, तेव्हा त्यांचंही घर पेटलं. बायकोला घेऊन ते पूर्ण्याला पळाले. तिथं मेहुणा रेल्वेत होता. तीन महिने त्याच्याकडं काढले आणि मग परत येऊन त्यांनी नवं घर बांधलं. भिंती दगडाच्या, जोडणी चुन्याची, वर पत्रा, लाकडाची ढलपीसुद्धा नाही. जळेल असं काही ठेवायचंच नाही, असं ठरवून बांधलेलं घर मी आयुष्यात एवढं एकच बघितलं. त्या दिवसांबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. म्हणाले, "बाई, तवा गेलतो. आता जायचं न्हाई. मराया झालं तरी हितंच." त्यांना आयुष्याकडून दुसरं काही नको होतं. आपल्या गावात आपल्या घरात राहायचं, बस.

आमच्या धंद्यात एक शिकवण आहे. मूळ बांधकामावर नंतर कुणी चढवलेली भर ओळखायची आणि काढून टाकायची. नकाशात पाडायचं ते पिवळ्यानं रंगवतात. मी चौथ्या बाजूच्या भिंतीवर पिवळा पट्टा ओढला आणि नकाशा पंचायतीच्या खोलीत टाचला. दगडाचं वय मला कळत होतं, विटांचं कळत होतं. वीट कुणी लावली आणि का लावली, हे विचारायची आम्हाला सवयच नसते.

बैठकीत सगळे नकाशाकडं बघत राहिले. सरपंच म्हणाले, "ताई, सगळं झ्याक हाय. तेवढं पिवळं राहू द्या."

"का?"

"राहू द्या म्हणलं की राहू द्यावं."

"कारण सांगा. भिंत पाडली तर पलीकडच्या लोकांना उतरायला वाट होईल, गर्दी फुटेल. नको का?"

सदस्य हसून म्हणाला, "ताईसाहेब, झाकली मूठ सव्वा लाखाची."

भिंतीच्या पलीकडं बौद्ध वस्ती होती. मला तेव्हा काही कळलं नाही, असं मी पुढं तीन वर्षं भेटेल त्याला सांगितलं. खोटं आहे ते. राणीसावरगावकडच्या जमीनवाल्यांच्या घरात वाढलेय मी. आमच्या विहिरीवर कुणी चढायचं आणि कुणाला वरून ओतायचं, हे मला धड बोलता येण्याआधी कळत होतं. त्या खोलीत मला सगळं कळलं आणि माझं डोकं फिरलं. त्यांना ते तोंडानं म्हणायचं नव्हतं, कारण तोंडानं म्हटलं की गुन्हा. आणि मला ते त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचंच होतं. मी म्हणाले, "कारण नाही ना? मग पाडते मी. लिहा वहीत." ग्रामसेवकानं वही मिटली आणि पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाला. मी नकाशा तिथंच सोडून तरातरा बाहेर पडले.

मिस्त्री बाहेर लिंबाखाली बसले होते. मी म्हणाले, "पुढच्या गुरुवारी फोडायची भिंत."

"सरपंचाचा कागद घ्या आधी, बाई."

"कागद कशाला? मी उभी आहे ना तिथं."

ते म्हणाले, "मागं अकरा पायऱ्या हायत."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"भिंत माज्या बापानं बांधली. बांधून घेतली त्येच्याकून, निजामाच्या वख्ताला. वर चाबूकवाला उभा. चुना त्येच्या हातचा, म्हणून तर इतकी वर्सं हलली न्हाई." एवढं बोलून ते उठले आणि पहारीला धार लावून आणतो म्हणाले.

मी तेव्हा थांबायला हवं होतं. थांबले नाही. मला तर उलट चेव चढला. ह्या माणसाच्या बापाकडून बांधून घेतलेली भिंत ह्या माणसाच्या हातानं पडणार, ह्या कल्पनेनंच मी खूश झाले. खूश व्हायला माझं काय जात होतं?

गुरुवारी सकाळी नऊला पहिला घाव पडला. मिस्त्री आणि त्यांचे दोघे पुतणे. चुना असा धरून बसला होता की वीट फुटायची पण सांधा सुटायचा नाही. अकराच्या सुमाराला माणूस आडवा शिरेल एवढी फट झाली, मागची माती घसरून आली आणि पायऱ्या दिसल्या. वर वस्तीतल्या बाया घागरी घेऊन जमल्या होत्या. मिस्त्रींनी कुणाला बोलावलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांची बायको उतरली. एकेक पायरी पायानं चाचपत ती पाण्यापर्यंत आली, वाकली आणि तिनं घागर बुडवली. मी टाळ्या वाजवल्या, मूर्खासारख्या.

पहिला धोंडा त्या घागरीवर बसला. पितळेचा तो आवाज बारवेत घुमत राहिला आणि तो विरायच्या आत तिन्ही बाजूंनी दगड सुरू झाले. बारव म्हणजे खड्डाच. तळाला आठ-दहा बाया आणि वर तिन्ही कडांना माणसं. चुकवायला जागा नाही, वर बघायची सोय नाही. एकीची भुवई फाटून डोळा रक्तानं भरला. एकीच्या गुडघ्यावर बसला आणि ती पाण्यात कोसळली. एक दगड माझ्या खांद्याला लागला. लगेच वरून कुणीतरी ओरडलं, "ताईला लागू देऊ नका." त्यानंतर माझ्या आसपास एक खडा पडला नाही. दगडांना माझी जात ठाऊक होती.

मिस्त्रींनी बायांना एकेक करून फटीतून वर ढकललं आणि मग पहार आडवी धरून ते फटीत उभे राहिले. पायऱ्यांवरून माणसं उतरली. पुढं आमचा सदस्य होता. पुतण्यांना पहिल्याच तडाख्यात आडवं केलं, एकाचा जबडा तुटला. मिस्त्रींना चौघांनी ओढून पायरीवर पालथं पाडलं. सदस्यानं माझ्याच सामानातला घण उचलला आणि मिस्त्रींच्या मनगटावर पाय दिला. मागून कुणीतरी विचारलं, "उजवा हाय ना?" त्यानं वाकून नीट बघितलं आणि म्हणाला, "उजवाच हाय." तीन घाव घातले. पहिल्याला मिस्त्री ओरडले. दुसऱ्याला ओरडले. तिसऱ्याला त्यांच्या तोंडून काही निघालं नाही. मी चार हातांवर उभी होते. टेप माझ्या हातात होता. मी पुढं गेले नाही.

दोन बाया आल्या, त्यांनी मला दंडाला धरून सरपंचांच्या घरी नेलं आणि आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली. खिडकीतून वस्तीच्या बाजूचा धूर दिसत होता. आधी कडब्याची गंजी पेटली, मग एकेक छप्पर. भर दुपारचं ऊन आणि त्यात तो जाळ, वाराही गरम येत होता. मिस्त्रींचं घर पेटेना, तेव्हा जमावानं पहारी लावून पत्रे उचकटले. पत्रा फाटतानाचा तो किरकिराट अजून माझ्या दातांत बसलाय. कुणीतरी दार उघडून चहा ठेवून गेलं. मी तो प्यायले. बशीत ओतून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, ह्याची मला अजून किळस येते.

पोलीस चारला आले. फौजदारानं सरपंचांच्या ओसरीवर माझा नकाशा पसरला. गावाची तक्रार तयारच होती, की मिस्त्रीनं परवानगीवाचून जुनी बारव फोडली आणि भिंतीतल्या देवीच्या कोनाड्याची विटंबना केली. चोराच्या उलट्या बोंबा. फौजदारानं मला विचारलं, "हे पिवळं म्हणजे काय?"

"पाडण्याचा प्रस्ताव."

"म्हणजे पाडायला तुम्ही सांगितलं?"

सदस्य खांबाला टेकून उभा होता. त्यानं हात धुतले होते, शर्ट बदलला होता. भोवती सगळी माझ्या माहेरच्यासारखी माणसं, काकांसारखी, चुलतभावांसारखी. सगळी शांत उभी. मला भीती वाटली. हे गोड करून सांगता येणार नाही. मी म्हणाले, "प्रस्ताव होता. निर्णय झालेला नव्हता." आमच्या धंद्यातली भाषा फार सोयीची असते. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

"घण कुणी मारला?"

"गर्दी होती. चेहरा दिसला नाही."

हे मात्र खोटं होतं, धडधडीत. मी खाली सही केली. बैठकीत कारण सांगा कारण सांगा म्हणून गळा काढणारी मी, माझ्याच तोंडाला त्या दिवशी कुलूप लागलं.

आठव्या दिवशी परभणीच्या दवाखान्यात गेले. मिस्त्रींच्या खाटेशी स्टुलावर हवालदार बसला होता. त्यांना अटक झाली होती, माझ्या त्या सहीवर. तीन बोटं काढावी लागली होती, उरलेली दोन मिटत नव्हती. त्यांनी विचारलं, "बाई, तुमी काय लिवून दिलं?" मी सांगितलं, दोन्ही सांगितलं. वाटलं, थुंकतील तोंडावर. ते म्हणाले, "बदला ते."

"बदलते."

"लवकर बदला. घरी जायचं हाय मला."

मी पोलिसांकडं गेले. ते म्हणाले, आता जे सांगायचं ते कोर्टात सांगा. कोर्टात माझी पाळी यायला तीन वर्षं लागली.

ती तीन वर्षं मिस्त्री त्याच गावात राहिले. जामिनावर सुटले त्या दिवशी घरी गेले आणि फाटके पत्रे ठोकून सरळ करून पुन्हा चढवले, डाव्या हातानं. गावानं त्यांना काम दिलं नाही. गिरणीवाला दळण घेईना, म्हणून त्यांची बायको डोक्यावर पायली घेऊन वालूरला जायची. बारवेची भिंत पंचायतीनं महिन्याभरात पुन्हा बांधली, ह्या वेळी सिमेंटनं. येता जाता शिव्या, दाराशी मेलेलं कुत्रं टाकणं, सगळं झालं. एकदा एका पुतण्याला पुन्हा धरून मारलं. मेहुणा पूर्ण्याहून दोनदा न्यायला आला आणि दोन्ही वेळा रिकामा गेला. मी अधूनमधून जायची, डाळ-तांदूळ न्यायची. ते ठेवून घ्यायचे. म्हणायचे, "तुमी कोर्टात बोला बाई, मंग बगू."

मी बोलले. भिंत मीच फोडायला लावली, तोंडी हुकूम माझा, असं सांगितलं. त्यानं मिस्त्रींवरची केस सुटली. मग घणाची केस आली. मी सदस्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "ह्यानं मारला. तीन घाव." त्याच्या वकिलानं माझा जुना जबाब काढला आणि सावकाश वाचून दाखवला. चेहरा दिसला नाही. खाली माझी सही.

"बाई, तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

"तेव्हा."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता."

माझा तोल गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला. वकिलाला नको ते बोलले, जज्जसाहेबांनी दोनदा दटावलं. वस्तीबाहेरची साक्षीदार मी एकटीच होते आणि माझ्या शब्दाची किंमत माझ्याच सहीनं घालवली होती. सगळे सुटले.

निकाल लागला त्या हिवाळ्यात नामांतराचा प्रश्न पुन्हा तापला होता. कोर्टाच्या आवारात बंदोबस्त होता, गावाकडची माणसं घोळक्यानं उभी होती. सदस्य पेढ्यांचा पुडा घेऊन हिंडत होता. तो माझ्याकडं आला, तोच हसरा चेहरा, आणि पुडा पुढं करून म्हणाला, "घ्या ताईसाहेब. झालं गेलं गंगेला मिळालं. या एकदा गावाकडं."

मी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या थोबाडीत मारली. एकदा नाही, तीनदा मारली. पेढे मातीत गेले. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सगळा राग, सगळी लाज हातातून वाहून गेल्यागत झालं. पोलीस मध्ये पडले. तो मला काही बोलला नाही, हातही उगारला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाल चोळत तो मिस्त्रींकडं बघत होता. मग घोळक्यातली सगळीच माणसं मिस्त्रींकडं बघायला लागली.

मिस्त्रींच्या बायकोनं माझ्या हातातून चप्पल घेतली आणि खाली माझ्या पायाशी ठेवली. तिचा आवाज जराही चढला नाही. म्हणाली, "बाई, तुमी आता रिक्षात बसून घरला जाल. गावाकडं यष्टी एकच हाय. त्येच्यातच हे बसणार अन् आमी बी बसणार."

मी म्हणाले, "माझ्या घरी चला, आजची रात्र राहा." तिनं मान हलवली. "अन् उद्याला?"

मिस्त्रींनी डाव्या हातानं पिशवी उचलली. एसटी स्टँडाकडं न जाता ते रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला लागले आणि ती त्यांच्या मागं चालायला लागली. पूर्ण्याची गाडी होती तेवढ्यात. मी हाक मारली, दोनदा मारली. त्यांनी वळून बघितलं नाही. त्या गावात ते पुन्हा कधी गेले नाहीत. घर तसंच राहिलं, आतल्या भांड्याकुंड्यांसकट. तीन वर्षं अख्ख्या गावाला त्यांना तिथून हलवता आलं नव्हतं, ते मी एका चपलेत केलं.